कोंबड्यांचा टोचक्रम

खुराड्यासमोर दाणे टाकले की कोंबड्या एकदम झेपावतात, आणि पाहणाऱ्यास ती निव्वळ झोंबाझोंबी वाटते. परंतु प्रत्येकीच्या पायात निराळ्या रंगाचे कडे घालून, कोण कोणास टोचते याची काही दिवस नोंद ठेवली, तर त्या गोंधळात शिस्त दिसू लागते. थोरलेइफ श्येल्डेरुप-एबे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञास कोंबड्या न्याहाळण्याचा छंद बालपणापासून होता. १९२२ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने असे दाखविले, की कोणत्याही दोन कोंबड्यांपैकी एक टोचते आणि दुसरी ते निमूटपणे सोसते. या व्यवस्थेला मराठीत ‘टोचक्रम’ म्हणावयास हरकत नसावी.

हा क्रम शिडीसारखा सरळच असतो असे मात्र नाही. पहिली दुसरीस टोचते, दुसरी तिसरीस, आणि तिसरी उलट पहिलीसच दटावते, असे त्रिकोणही आढळतात. दहा कोंबड्यांच्या कळपात ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा निकाल एकदा लागला, की पुढे भांडण्याचे कारण उरत नाही. वरचढ कोंबडीने नुसती मान उंचावली तरी दुसरी बाजूस सरते. टोचक्रम म्हणजे क्रौर्य असा समज सर्रास आढळतो, पण खरे पाहता त्यामुळे कळपातील मारामारी कमी होते.

ही सारी व्यवस्था ओळखीवर उभी आहे. कोंबडी दुसरीस ओळखते ती मुख्यतः डोके व तुरा यांवरून. म्हणूनच कळपातील माणसे, म्हणजे अर्थात कोंबड्या, वारंवार बदलणे महागात पडते. ए. एम. गुल आणि डब्ल्यू. सी. ॲली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही कळपांतील कोंबड्या सतत बदलत ठेवल्या. स्थिर कळपांच्या मानाने या कळपांत टोचाटोची अधिक झाली, खाणे घटले आणि अंडीही कमी मिळाली.

पाळणाऱ्याने विशेष लक्ष द्यावे ते सर्वांत खालच्या कोंबडीकडे. खाद्याचे भांडे काठोकाठ भरलेले असूनही ती उपाशी राहू शकते, कारण तेथवर तिला कोणी पोहोचूच देत नाही. भांडे मोठे करण्याने तिचा प्रश्न सुटत नाही. दूरदूर दोन-तीन भांडी ठेवल्याने सुटतो. पाण्याचेही तसेच. आडोशाला एखादी पाटी किंवा फळी असली, तर तिला नजरेआड होता येते.

नव्या तलंगा एकेकट्या सोडू नयेत. त्यांचा लहानसा गट आधी जाळीपलीकडे आठवडाभर ठेवावा, म्हणजे दोन्ही पक्षांना एकमेकींची सवय होते. रात्री दांड्यावर नेऊन बसविण्याची युक्ती पुष्कळजण करतात. तिने पहिला हल्ला टळतो, पण सकाळी परीक्षा व्हायचीच.

पिसे उपटणे हा प्रकार मात्र टोचक्रमाहून वेगळा आहे. दाटी, भगभगीत प्रकाश, खाद्यातील उणीव आणि उकरावयास काही नसणे ही त्याची कारणे होत. रक्त दिसले की इतर कोंबड्या त्याच जागी पुनःपुन्हा टोचतात, आणि काही वेळा जखमी पक्षी त्यात मरतो. त्यास ताबडतोब वेगळे काढावे, पण शक्यतो त्याच खुराड्यात, जाळीआड. काही आठवडे दृष्टीआड राहिलेली कोंबडी परतली, की तिच्या जुन्या सोबतिणी तिला परकी समजून तिच्याशी पुन्हा पहिल्यापासून भांडतात.