शेंगेन व्हिसा

शेंगेन व्हिसा हा युरोपातील शेंगेन क्षेत्रात अल्पकाळ राहण्यासाठी दिला जाणारा सामाईक प्रवेशपरवाना आहे. भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठीही तो आवश्यक असतो. १ जानेवारी २०२५ पासून या क्षेत्रात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड व नॉर्वे हे युरोपीय संघाचे सदस्य नसूनही त्यात मोडतात. आयर्लंड मात्र संघाचा सदस्य असूनही त्याबाहेर आहे. ब्रिटनसाठी वेगळा व्हिसा लागतो.

पार्श्वभूमी

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स व तत्कालीन पश्चिम जर्मनी यांनी परस्परांच्या सीमांवरील तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार केला. त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी २६ मार्च १९९५ रोजी सुरू झाली.

अर्ज

ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम असेल, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम सारखाच असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे अर्ज करतात. प्रवासापूर्वी सहा महिने ते पंधरा दिवस ही अर्जाची मुदत होय. पारपत्र मागील दहा वर्षांत दिलेले आणि परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, निवासव्यवस्था, पुरेसा निधी व मायदेशी परतण्याचा हेतू यांचे पुरावे द्यावे लागतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी कळवली जातात व अपिलाचा हक्क असतो.

मुक्कामाची गणना

कोणत्याही १८० दिवसांत कमाल ९० दिवस राहता येते. ही मर्यादा प्रत्येक देशासाठी स्वतंत्र नसून संपूर्ण क्षेत्रासाठी मिळून आहे. आगमनाचा व प्रस्थानाचा दिवसही त्यात धरतात. गणना मुक्कामाच्या प्रत्येक दिवसापासून मागे केली जाते. उदाहरणार्थ, बहुप्रवेश व्हिसाधारक १ एप्रिल ते १० मे असे ४० दिवस राहून १ ऑगस्टला परत आल्यास त्याला ५० दिवस, म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंतच, राहता येते. व्हिसाची वैधता दीर्घ असली तरी ही मर्यादा वाढत नाही. व्हिसावर कमी दिवस नमूद असल्यास तेवढेच दिवस मिळतात. मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास दंड किंवा प्रवेशबंदी होऊ शकते.

व्हिसा आणि प्रवेश

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. सीमेवरील अधिकारी कागदपत्रे पुन्हा तपासू शकतात आणि अटी पूर्ण होत नसल्यास प्रवेश नाकारू शकतात. त्यामुळे विमा, निवास व परतीच्या तिकिटाची कागदपत्रे प्रवासात जवळ बाळगणे आवश्यक ठरते.