तेविसाव्या वर्षीचा श्रीगणेशा

विद्या लहानपणीच घ्यावी, भाजलेल्या मडक्याला नवा आकार येत नाही, असे आपल्याकडची वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. त्यामुळे तिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ व्याकरणाचे पुस्तक घेऊन बसला, की प्रथम घरचीच माणसे हसतात. बहिःस्थ परीक्षेचा अर्ज घेऊन येणारे असे गृहस्थ आणि अशा गृहिणी मला दरवर्षी भेटतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, या वयात जमेल का? आमची बुद्धी बेताचीच." अशा वेळी उपदेश करण्यापेक्षा एका माणसाची हकीकत सांगावी, हे बरे. तो माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी.

गोव्यातील साखवाळ या गावी 1876 साली त्यांचा जन्म झाला. मराठी शाळेतले शिक्षण अर्धवट सुटले. इंग्रजी शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. लवकर लग्न झाले, आणि घरची नारळाची बाग सांभाळणे हाच पुढचा आयुष्यक्रम दिसू लागला. 1897 च्या सुमारास 'बालबोध' या मुलांच्या मासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि या महापुरुषाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, असा ध्यास त्यांच्या मनाने घेतला.

पण मुळातून म्हणजे कसे? त्यासाठी आधी संस्कृत हवे, आणि यांना तर संस्कृतचा गंध नव्हता! 1899 च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते घर सोडून पुण्याला आले. ज्या वयात इतर तरुण पदवी घेऊन नोकरी शोधतात, त्या वयात यांनी श्रीगणेशा केला. पुण्याहून ग्वाल्हेर, तेथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून पाठ घ्यावा, असा क्रम सुरू झाला. पुढे नेपाळ पाहिले, बुद्धगया पाहिली. तेव्हा कळले, की बौद्ध ग्रंथ खरोखर शिकायचे तर सिंहलद्वीपाला गेले पाहिजे. 1902 साली ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पोहोचले आणि पाली शिकू लागले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या अक्षरांत. म्हणजे भाषा एक, पण देश बदलला की पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात! असे काम एखाद्या झटक्यात होत नाही. त्याला रोजची बैठक लागते. कालचा धडा आज पुन्हा म्हणावा लागतो, आणि लहान मुलाच्या शेजारी बसून अक्षरे गिरवण्याची लाज सोडावी लागते.

1906 साली ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. म्हणजे श्रीगणेशानंतर अवघ्या सात वर्षांत शिष्याचा गुरू झाला. मात्र महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी ती अधिक पगाराची जागा सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा 50 रुपयांची वृत्ती पत्करली. 1910 साली त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे वॉरन या पंडिताने आरंभलेले संपादन 1899 साली त्याच्या मृत्यूने अपुरे राहिले होते. कोसंबींनी घर सोडले तेही याच वर्षी, हा योगायोग मोठा विलक्षण! या कामासाठी ते चार वेळा अमेरिकेला गेले. मध्यंतरी 1912 पासून काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. 1940 साली त्यांची नागरी लिपीतील आवृत्ती निघाली. हार्वर्डची आवृत्ती मात्र 1950 साली प्रसिद्ध झाली. तोपर्यंत कोसंबींना जाऊन तीन वर्षे लोटली होती.

प्रतिभा कशी असते, ते पाहायला त्यांना दूर जावे लागले नाही. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणितज्ञ, आणि इतिहासकार म्हणूनही जगाला ठाऊक. वडिलांचा मार्ग निराळा होता. तो पायी चालणाऱ्याचा मार्ग होता. अशा माणसाला वेग नसतो. पण तो थांबत नाही.

उशिरा शिकणाऱ्याची स्मरणशक्ती मुलांइतकी ताजी नसते, हे खरे. परंतु त्याच्यापाशी एक गोष्ट असते, जी पोराटोरांपाशी क्वचित आढळते : आपण हे कशासाठी शिकतो आहोत, हे त्याला पक्के ठाऊक असते. पाठांतराचा कंटाळा त्यालाही येतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडायला त्याच्यापाशी कारण असते.

मात्र या हकीकतीचा दुसरा भाग लपवू नये. कोसंबी निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. परतायला सुमारे सात वर्षे लागली. काशीतले पाठ त्यांनी घेतले. त्यांची किंमत गोव्यात दुसऱ्याच कोणी मोजली. थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना आपण हे पान भराभर उलटतो.

म्हणून "जमेल का?" असे विचारणाऱ्यांना मी म्हणतो : बुद्धीची चिंता करू नका. रोज एक तास कुठून काढणार, तेवढे सांगा. आणि तो कोणाच्या वाट्याचा आहे, हे घरी बसून आधी ठरवा. कोसंबींना घर सोडावे लागले, कारण गुरू दूर होते. आज पुस्तके गावोगावी मिळतात. तेव्हा घर न मोडता हा श्रीगणेशा करता येईल. त्याला मुहूर्त नको, की विशेष बुद्धीही नको. उद्याही त्याच वेळी, त्याच जागी बसण्याची तयारी मात्र हवी.