हिवाळ्यातला नीसचा किनारा
फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, भूमध्य समुद्रालगत वसलेले नीस शहर नावारूपाला आले ते हिवाळी मुक्कामामुळे. उत्तरेकडचे बोचरे वारे आल्प्स पर्वत अडवतो, त्यामुळे जानेवारीतही दुपारचे तापमान १३ अंश सेल्सियसच्या आसपास असते. अठराव्या शतकापासून श्रीमंत इंग्रज थंडी चुकवायला येथे येऊ लागले. समुद्रकाठचा ‘प्रोमनाद देझांग्ले’ हा प्रसिद्ध रस्ता १८२०च्या दशकात त्यांच्याच पैशांतून सुरू झाला. याच वारशामुळे २०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारसा यादीत घेतले.

मुलाबाळांसह फिरायला मोटारीची गरज नाही. किनाऱ्याने धावणारी लोकल व्हिलफ्रांश, मोनॅको करत इटलीच्या सीमेवरच्या माँताँला पोहोचवते. खिडकीतून दिसणारा समुद्र हेच निम्मे पर्यटन. पोहणे मात्र विसरावे: पाणी गार, आणि नीसचा किनारा वाळूचा नसून गोट्यांचा. फेब्रुवारीत नीसचा कार्निव्हल रंगतो, माँताँत संत्र्या-लिंबांचे भव्य देखावे उभे राहतात. तेव्हा खोली आधीच राखून ठेवावी. जुन्या नीसमधला ‘सोका’ हरभऱ्याच्या पिठाचा, बेसनाच्या धिरड्यासारखाच. शाकाहारी कुटुंबांची त्याने चांगली सोय होते. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून भटकंती सकाळीच सुरू करावी.