रात्रीचा खेळ आणि सहा बहिणी

केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला लागला, नेमका पेरणीच्या घाईत. शहरातल्या बाया घोळक्यानं जात होत्या. आम्ही पेरणी उरकली आणि मग गटातल्या चौदाजणी नंदुरबारला रात्रीच्या खेळाला गेलो.

आधी पैशांचं सांगतो. ‘गटातून काढू’ असं काहीजणी म्हणाल्या. आम्ही नको म्हटलं. बचतीचा पैसा कर्जाला फिरतो, तो सिनेमाला लावला तर उद्या थकबाकीदाराला कोणत्या तोंडानं विचारायचं? तिकीट आणि गाडीभाडं यांची वर्गणी वेगळी काढली. गाडीवाला गावातलाच होता, भाडं आधीच ठरवलं. घरच्या परवानगीचा प्रश्न मात्र सोपा सुटला, कारण तीन सासूबाईही बरोबर आल्या!

सिनेमात सहा बहिणी आहेत. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते अशा मोठ्या नट्या त्यात आहेत. जिची तिची संसाराची ओढाताण, त्यात जुने रुसवे. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्या पुन्हा एकत्र येतात. आमच्या भिल्ल-पावरा बायांकडे मंगळागौर नसते. तरी काही अडलं नाही. होळीला हातात हात धरून नाचणाऱ्या बाईला फेर समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या आया १९९१ साली ‘माहेरची साडी’ बघून रडल्या होत्या. त्यात अलका कुबल सोसत राहते, सोसतच जाते. इथं रडू वेगळं होतं. इथल्या बहिणींमध्ये कुणी दुष्ट नाही, फक्त बोलणं राहून गेलेलं आहे. म्हणून तर जास्त लागलं. दुष्ट सासू पडद्यावरच सोडून येता येते, आपला अबोला घरी परत येतो.

परतताना गाडीत पाऊस आत येत होता आणि कुणी बोलत नव्हतं. प्रकाशा मागं पडल्यावर एकजण म्हणाली, “माझी मोठी बहीण तीन कोसांवर राहते. वडिलांच्या दहाव्यापासून मी तिच्या दारात गेले नाही.” भांडण कशावरून? भांड्यांवरून. आम्ही सल्ला दिला नाही. एका सासूबाईंनी तिच्या डोक्यावर पदर ओढला, भिजत होती म्हणून.

पुढच्या बैठकीला ती गैरहजर. नियमाप्रमाणे दंड लिहिला. त्यानंतरच्या बैठकीत तिनं तो भरला आणि बहिणीकडच्या शेवग्याच्या शेंगा सगळ्यांना वाटल्या.