खेळांतील पेशे : छापलेले आणि लाभलेले

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या नातवानें माझ्यापुढें तीन फांसे ठेवले आणि म्हटलें, "आजोबा, आतां तुम्हीच टाका." त्याला ‘पॅलडिन’ म्हणजे व्रतस्थ वीर व्हावयाचें होतें, आणि फांसे कांहीं केल्या वश होत नव्हते.

हा खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. एक सूत्रधार प्रसंग सांगतो. बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेऊन त्यांतून वाट काढतात. पात्राचे अंगचे सहा गुण फांशांनीं ठरतात आणि त्याला एक पेशा असतो. आरंभीं पेशे तीनच होते : योद्धा, मांत्रिक व पुरोहित. परंतु मनुष्यपात्राला तिन्ही दारें उघडीं होतीं.

पुढें १९७५ च्या पुरवणींत चोर व पॅलडिन आले आणि १९७८ च्या पुस्तकांत पेशे दहांवर गेले. शिवाय परिशिष्टांत भाट होता. या भाटाची गंमत अशी कीं, त्यानें प्रथम योद्धा व्हावें, मग चोर व्हावें, आणि शेवटीं ड्रूइड नांवाच्या अरण्यवासी पुरोहितांचें शिष्यत्व पत्करावें! इतकें आयुष्य कोणाच्या पात्रास लाभणार?

पॅलडिनची अट तर गणिताच्या मास्तरासच विचारावी. व्यक्तिमत्त्वाची छाप हा गुण निदान १७ हवा. तीन फांसे २१६ तऱ्हांनीं पडतात. त्यांत १७ वा १८ भरणाऱ्या तऱ्हा अवघ्या ४. म्हणजे सरासरीनें चौपन्न वेळां टाकावें, तेव्हां एकदां दान पडावें. शिवाय इतर गुणांच्या अटी निराळ्याच. १९७९ च्या मार्गदर्शकानें चार फांसे टाकून सर्वांत लहान आंकडा सोडण्याची मुभा दिली, तेव्हां दार थोडें किलकिलें झालें.

शाळेंत असतांना मीं हेंच पाहिलें. माहितीपत्रकांत संस्कृत असे, पण गुणांच्या अटीमुळें मागच्या बांकांवरील मुलांपुरतें तें नुसतें छापलेलें राही. मीही ती अट निमूटपणें पाळली, हें आज बोचतें.

१९८९ च्या आवृत्तींतून मारेकरी व मंक हे पेशे गळाले. पॅलडिनची अट मात्र राहिली. खरी मोकळीक आली ती २००० सालीं. पेशे अकरा, म्हणजे जुन्यांहून फारसे अधिक नव्हत. पण अटी उठल्या, आणि ज्या बुटक्यांना १९७८ मध्यें मांत्रिक होण्यास मज्जाव होता, त्यांनाही मंत्रविद्या खुली झाली. दुर्मिळपणाची ऐट गेली, अशी कुरकूर जुने खेळाडू करतात. ती ऐट खरी होती. पण एकाच्या ऐटीसाठीं त्रेपन्नांनीं हात हालवीत बसावें, हें मला पटत नाहीं.

२००८ च्या पहिल्या पुस्तकांत आठच पेशे होते. २०१४ मध्यें ते बारा झाले आणि २०२४ मध्येंही बाराच राहिले. मात्र २०२४ च्या पुस्तकांत प्रत्येकाच्या चार शाखा होत्या, म्हणजे एकंदर अठ्ठेचाळीस वाटा. त्यांपैकीं कोणतीही धरण्यास फांशांची परवानगी लागत नाहीं.

माझ्या नातवाच्या हातीं मात्र मित्राकडून आणलेलें १९७८ चेंच पुस्तक होतें. मीं फांसे टाकले, अकरा आले. त्यानें मुकाट्यानें कागदावर ‘योद्धा’ लिहिलें आणि त्या साध्या शिपायाला काय नांव द्यावें, असें मला विचारलें.