सही अंतराळवीराची, पण कागद कुठे होता?

‘सही अंतराळवीराची आहे, म्हणजे वस्तू अंतराळात जाऊन आली.’ अंतराळवीरांच्या सह्या जमवण्याच्या छंदातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. अपोलो 11 च्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांनी उड्डाणाआधी लिफाफ्यांवर सह्या करून ठेवल्या होत्या. आपलं बरंवाईट झालं तर ते विकून घरच्यांना चार पैसे मिळावेत, एवढाच हेतू. संग्राहक त्यांना ‘इन्शुरन्स कव्हर’ म्हणतात. सह्या अस्सल, टपालाचा शिक्काही मोहिमेतल्या दिवसाचा, पण लिफाफे पृथ्वीवरून हललेच नाहीत. उलट अपोलो 15 च्या तिघांनी 1971 साली सुमारे 400 लिफाफे परवानगी न घेता चंद्रावर नेले. ते खरोखर जाऊन आले. तिघांना मात्र नासाची ताकीद मिळाली आणि पुन्हा उड्डाण नाही.

आपल्याकडे शोध असतो तो राकेश शर्मांच्या सहीचा. 3 एप्रिल 1984 रोजी ते युरी मालिशेव्ह आणि गेनादी स्ट्रेकालॉव्ह यांच्याबरोबर सोयुझ टी-11 मधून निघाले, सॅल्युट 7 स्थानकावर राहिले आणि 11 एप्रिलला परतले. परतले ते सोयुझ टी-10 मधून! टी-11 स्थानकाला जोडलेलंच राहिलं आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या तिघांना घेऊन उतरलं. तेव्हा ‘शर्मांबरोबर टी-11 मधून परत आलेला लिफाफा’ असं विक्रेता म्हणाला, की व्यवहार तिथेच थांबवावा. या उड्डाणानिमित्त आपल्या टपाल खात्याने तिकीटही काढलं होतं. त्याच्या लिफाफ्यावर पुढे कधी शर्मांची सही घेतली असेल, तर ती छान आठवण आहे, अंतराळप्रवासाचा दाखला नाही.

रशियन सही ओळखू येत नाही म्हणून ती खोटी ठरवणारेही भेटतात. रशियन लिपीतला ‘स’ इंग्रजी ‘सी’सारखा दिसतो, त्यामुळे स्ट्रेकालॉव्ह यांच्या नावात ‘एस’ शोधत बसू नये.

‘थेट नासाकडून आलेला फोटो, मग सही खरीच.’ इथेही थांबा. मागणी इतकी असे, की अनेक अंतराळवीरांच्या सह्या ऑटोपेन नावाचं यंत्र करत असे, आणि काही फोटोंवर तर सही छापलेलीच असते. भिंग घ्या. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात. हाताच्या सहीत दाब कमीजास्त होतो, वळणावर शाई दाटते, शेवटच्या फटकाऱ्याला रेघ बारीक होत जाते. यंत्राची रेघ बहुधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, टोकांना शाईचा ठिपका. त्याच व्यक्तीची दुसरी सही मिळवून एकावर एक धरा. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर ती यंत्राचीच, कारण माणूस दोनदा अगदी सारखी सही करत नाही.

तारीखही बोलते. शुभांशू शुक्ला अ‍ॅक्सियम-4 मोहिमेत 25 जून ते 15 जुलै 2025 पृथ्वीबाहेर होते. मधल्या तारखेची, ‘मुंबईत समोर उभं राहून घेतलेली’ सही कोणी दाखवली तर हसून नमस्कार करावा. सोबतच्या चकचकीत प्रमाणपत्राची किंमत ते देणाऱ्याच्या नावाइतकीच.

‘असलं काही कोकणातल्या आपल्या नागोठण्यात कुठून असणार?’ हाही गैरसमजच. 1961 च्या अखेरीस गागारिन मुंबईत आले होते, ऑक्टोबर 1969 मध्ये अपोलो 11 चे तिघेही. तेव्हा कोकणातले चाकरमानी मुंबईभर होते. एखाद्याच्या ट्रंकेत सहीचं पान असणं अशक्य नाही.

असं काही सापडलं तर लॅमिनेशन करू नका. पावसाळ्यात अंबा नदीचं पाणी बाजारपेठेपर्यंत येतं, तेव्हा मोह होतो खरा. पण उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, कागदाची तपासणी अवघड होते आणि भावही पडतो. आम्लरहित कागदात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्यांसह वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा, आणि सही कोणी, कधी, कुठे घेतली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर आजच लिहून ठेवा.