तलावाचे पाणी आणि यंत्राची साक्ष

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सुपे धरणाच्या पायथ्याशी असलेल्या गणेशगुडीच्या आसपास, पर्यटकांसाठी वसतिस्थाने उभी राहिली आहेत. अनमोड घाट चढून रामनगरमार्गे तेथे जाणाऱ्यांत गोमंतकीयांची संख्या थोडी नाही. ज्या तालुक्याचे जुने मुख्य गाव, सुपे, धरणाच्या जलाशयाखाली गेले, त्याच तालुक्यात काळी नदीच्या काठी सिमेंटचा हौद बांधून त्यात निळे पाणी भरावयाचे, हा एक विनोदच म्हणावयाचा. परंतु धरणातून पाणी सोडले की नदी पाहता पाहता चढते, आणि खालच्या अंगाला दांडेलीकडे मगरीही आहेत. तेव्हा मुलाबाळांसाठी नदीपेक्षा तलाव बरा, असे कोणी म्हटल्यास त्यात वावगे नाही. प्रश्न आहे तो त्या तलावातील पाण्याचा.

आता या पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी घरगुती स्वयंचलनाची साधने स्वस्तात मिळू लागली आहेत. पाण्याची आम्लता, त्याची जंतुनाशक शक्ती आणि तापमान मोजणारे संवेदक एका छोट्या विद्युत्पट्टीला जोडावयाचे आणि ते आकडे बिनतारी लहरींनी मालकाच्या मोबाईलवर पाठवावयाचे, अशी ही योजना. बेळगाव वा मडगाव येथे बसून जोयड्यातील तलावाची प्रकृती कळते. या साधनांचे आम्ही स्वागतच करतो. दिवसातून दोनदा काचेच्या नळीत थेंब टाकून रंग पाहणारा नोकर कितीही प्रामाणिक असला, तरी रविवारच्या भर दुपारी शंभर माणसे पाण्यात उतरल्यावर काय होते, हे त्याला संध्याकाळपर्यंत कळत नाही. उघड्या तलावातील अरक्षित क्लोरीन तर कडक उन्हात तासाभरात निम्म्याहून खाली येतो.

मात्र हा आकडा कशाचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याची रीत कोकणपट्टीला नवी नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत टीसीएल पावडर टाकून नंतर ‘ओटी’ चाचणीने पाणी पिवळे होते का ते पाहतात, हे अनेकांना ठाऊक असेल. परंतु क्लोरीन पाण्यात आहे एवढ्याने भागत नाही. तो कोणत्या रूपात आहे याला महत्त्व आहे, आणि ते ठरते पीएचवरून. डेन्मार्कमधील सोरेन्सन या शास्त्रज्ञाने 1909 साली ही मोजपट्टी दिली. पुढे 1934 साली कॅलिफोर्नियातील लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याच्या गरजेतून अर्नोल्ड बेकमन यांनी पीएच-मापकाचे व्यवहारोपयोगी यंत्र घडविले. आजचा तलावातील काचेचा संवेदक त्याच वंशातला. पीएच 7.2 असता पाण्यातील मुक्त क्लोरीनचा सुमारे दोनतृतीयांश भाग जंतू मारण्यास समर्थ अशा रूपात असतो. तोच 8 वर गेला की जेमतेम एकचतुर्थांश. म्हणजे तेवढ्याच क्लोरीनचे बळ निम्म्याहून अधिक घटले, आणि पाणी दिसावयास तितकेच निळे! डोळे चुरचुरणे आणि उग्र वास येणे हे क्लोरीन जास्त झाल्याचे लक्षण, असा सार्वत्रिक समज आहे. तोही बहुधा चुकीचा असतो. घाम व मूत्र यांच्याशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा तो वास असतो, आणि त्याचा अर्थ पुष्कळदा ताजा क्लोरीन कमी पडला असा होतो.

स्वस्त साधनांत मुक्त क्लोरीन सरळ मोजणारा संवेदक सहसा नसतो. असतो तो पाण्याची जंतुनाशक शक्ती मिलिव्होल्टमध्ये सांगणारा. हा आकडा साडेसहाशेच्या वर असला की पाणी निर्धास्त, असे विक्रेते सांगतात. पण पांढऱ्या गोळ्यांच्या रूपाने जो क्लोरीन मिळतो, त्याबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. ते उन्हापासून क्लोरीनला वाचविते खरे, परंतु त्याचा जोरही बांधून ठेवते, मिलिव्होल्टचा आकडा खाली खेचते आणि पाणी बदलल्यावाचून सहजी निघत नाही. हंगामभर गोळ्या टाकलेल्या तलावात हाताने चाचणी केली तर क्लोरीन भरपूर दिसावा आणि यंत्राने मात्र शक्ती क्षीण असल्याचे सांगावे, असे मग घडते. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजून ते बाजूला ठेवण्याकडे माणसाचा कल असतो. आम्हांस वाटते, खरे बोलणाऱ्या साक्षीदारालाच कोर्टाबाहेर काढण्याचा हा प्रकार आहे.

काही वेळा साक्षीदारही चुकतो, हे आम्ही नाकारीत नाही. काचेचा संवेदक वाळला की निकामी होतो. वर्ष-दोन वर्षांत तो थकतोच. ठरावीक पीएचच्या द्रावणात बुडवून त्याची खातरजमा वरचेवर करावी लागते. एकाच पाण्यात दोन संवेदक ठेवले आणि त्यांची विद्युत्मंडले विलग केली नाहीत, तर एकाचा आकडा दुसरा बिघडवितो. आणि संडासाची लागण झालेल्या मुलाबरोबर पाण्यात येणारा क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीनमध्येही आठवड्याहून अधिक तग धरतो. त्याची वर्दी कोणतेच विद्युदग्र देत नाही. तेथे दारावरचा माणूसच हवा.

जोयड्याची म्हणून काही वेगळी अडचण आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा मुलूख. पावसाळ्यात तेथे आभाळ फाटते. पावसाचे पाणी मृदू. ते तलावात मिसळले की पीएचला धरून ठेवणारी क्षारता पातळ होते आणि आम्लाच्या एका पेल्याने आकडा कोसळतो. स्वयंचलित पंपाला हे उमगत नाही. तो आम्ल ओतीत जातो, मग उलट दिशेने धावतो. या भागातील जमिनीत लोह व मँगनीज आहे. कूपनलिकेचे पाणी न तपासता त्यात क्लोरीन टाकावा, तर ते तांबूस किंवा काळसर होते. त्यास शेवाळ समजून आणखी क्लोरीन टाकणे म्हणजे आगीत तेल.

त्याहून गंभीर गोष्ट विजेची. काळीच्या पाण्यावर राज्यास वीज मिळते, पण जंगलातल्या तारेवर झाड पडले की खुद्द त्या खोऱ्यातल्या वस्त्या अंधारात जातात. तलावाचे पाणी फिरविणारा मुख्य पंप थांबला आणि रसायन सोडणारा छोटा पंप बॅटरीवर चालूच राहिला, तर आम्ल आणि हायपोक्लोराइट त्याच नळीत एकत्र साचतात. पंप पुन्हा सुरू होताच त्यातून निघालेला क्लोरीन वायू तलावातील माणसांच्या नाकातोंडात जातो. अशा अपघातांची नोंद परदेशांत वारंवार झालेली आहे. म्हणून नळीत प्रवाह नसेल तर रसायनाचा पंप चालूच शकणार नाही, असा यांत्रिक अडसर हवा. तो मोबाईलमधील आज्ञेवर किंवा इंटरनेटवर सोपविता कामा नये. त्या रानात दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. जेथे असा अडसर नाही, तेथे यंत्राने फक्त मोजावे आणि हाक द्यावी, रसायन माणसाने टाकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि हे पाणी अखेर जाते कोठे? गाळणी उलटी धुतली की शेकडो लिटर क्लोरीनयुक्त पाणी बाहेर पडते. हंगाम संपला की सबंध तलाव रिकामा होतो. शेजारचा ओहोळ काळीला मिळतो. माणसाला न जाणवणारा, लिटरमागे मिलिग्रॅमचा काही शतांश क्लोरीनदेखील माशांना घातक ठरू शकतो. तलावातील माणसांचे रक्षण करणाऱ्या यंत्राला ओहोळातील मासळीचे सोयरसुतक नसावे, हे आम्हांस पटत नाही. संवेदकाने आकडा शून्यावर आल्याचे दाखविले, आणि हातच्या चाचणीने त्यास दुजोरा मिळाला, की मगच झडप उघडावी. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट टाकून क्लोरीन मारता येतो. त्याला खर्च फारसा येत नाही.

पोहण्याच्या तलावातील पाण्याचे भारतीय मानक आयएस 3328 या क्रमांकाने उपलब्ध आहे. वसतिस्थानांच्या मालकांनी ते मागवून वाचावे. आमचे म्हणणे एवढेच की, मोबाईलवर मालकाला जे आकडे दिसतात तेच तलावाच्या काठी फळ्यावर खडूने लिहावेत: पीएच, मुक्त क्लोरीन, शेवटची हातची चाचणी कोणत्या वेळी झाली आणि ती कोणी केली. गणेशगुडीला मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी खोलीचे भाडे विचारताना हा फळा कोठे आहे, हेही विचारावे.